आधी स्नानगृह

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं. पुढे ते शहाणं झालं असं ऐकायची तुम्हाला सवय असेल. पण हे अस्वल म्हणजे मीच. तेव्हा अपेक्षा बेताच्या ठेवा.

त्या वेळी जंगलात सगळ्यांना मोबाईलवरच्या एका खेळाचं वेड लागलं होतं. खेळात प्राचीन साम्राज्य उभारायचं. सुरुवातीला ओसाड माळ आणि थोडे दगड मिळत. त्यातून कोठार बांधायचं, छावणी बांधायची की आणखी काही, ते आपण ठरवायचं.

शेजारच्या बिळातली यमू साळू माझी जोडीदार होती. माझं नगर खिंडीच्या तोंडाशी, तिचं त्याच्या मागे नदीकाठी. तिने कोठारं बांधून दोन्ही नगरांना जेवू घालायचं आणि मी छावणी बांधून खिंड राखायची, असं ठरलं. यमू लगेच कामाला लागली.

मीही छावणीच बांधणार होतो. पण खेळातल्या यादीत छावणीच्या खालीच स्नानगृह होतं. निळी फरशी, मधोमध कारंजं. छावणी म्हणजे नुसता मळकट तंबू. म्हटलं, आधी स्नानगृह होऊ दे. मग त्याला शोभेल अशी बाग केली. मग बागेला शोभेल असा माझा पुतळा उभारला. पोट जरा आत घेतलेला.

छावणीचं कुठवर आलं, असं यमूने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी पाया खणतोय म्हणून सांगितलं. तिने विश्वास ठेवला.

एका दुपारी खिंडीपलीकडे नगर असलेल्या भैरू लांडग्याचं सैन्य खिंडीतून आलं. माझ्या नगराला वळसा घालून पुढे गेलं. लढायला तिथे कोणी नव्हतंच. तासाभरात यमूची अकराही कोठारं जळाली. महिन्याभराची मेहनत होती ती.

मी तिच्या बिळापाशी गेलो. वाटेत तीन सबबी तयार केल्या होत्या.

"पाया खणतच नव्हतास ना, बाळोबा?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तसं सांगायचं होतं. मी तटबंदी तरी बांधली असती."

तिन्ही सबबी मी तशाच परत आणल्या. त्या संध्याकाळी पुतळा पाडून तिथे छावणी बांधली. आठवडाभरात आणखी दोन झाल्या. सैनिक रांगेत उभे करून मी यमूला बोलवायला गेलो.

तिने नवा डाव मांडला होता. भैरू लांडग्याच्या जोडीने. त्याच्याच का, असं मी विचारलं. तो जे बांधतो म्हणतो ते बांधतो, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा खेळू लागली.

तात्पर्य: दिलेला शब्द पाळावा, असं तुमच्या पुस्तकात असेल. माझा अनुभव वेगळा आहे. शब्द पाळणाऱ्यांची नगरं जळतात. न पाळणाऱ्याच्या नगराला कुणी हात लावत नाही. तिथे कुणी येतच नाही.