फोटोखालचा माईक

खेप पहिली.

बलभीमनं दूध सोसायटीच्या चेअरमनकडून टेपरेकॉर्डर मागून आणला, माईकसकट. उमरग्याची सरुआत्या अंथरुणाला खिळलेली, कानानं पार गेलेली. बहात्तरच्या दुष्काळात तिनं केलेल्या कसल्याशा उपकाराचे आभार त्याच्या आईच्या, मथुराबाईच्या, पोटात इतकी वर्षं अडकून पडले होते.

"चिठ्ठी नगं," ती म्हणाली. "माझ्या तोंडचं तिच्या कानात जाऊ दे."

घरात प्लग एकच. वारलेल्या आजोबांच्या, आबांच्या, फोटोवर लाल बल्ब लावायला काढलेला. त्यामुळं माईक फोटोखालच्या फळीवर बसला.

"हं, बोल आई."

मथुराबाई बोलली. टेपवरचा आवाज दाखवणारा काटा झोपूनच राहिला. ऐकून पाहिलं तर खर्र... "वन्सं..." खर्र... आणि मग परसातली कोंबडी, अगदी स्वच्छ.

खेप दुसरी.

बलभीमनं आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं. आता वेशीवरच्या एसटीचा हॉर्न आला, शेजारची भांडी आली, बलभीमचा स्वतःचा श्वास आला. आई आली नाही.

"जवळ ये की जरा!"

"आलेच की." आली, पण तोंडात पदर धरून.

खेप तिसरी.

दाराला वाकळ, खिडकीला घोंगडं. तरीही भागेना, तेव्हा त्यानं माईक सोसायटीच्या रिकाम्या दुधाच्या कॅनमध्ये सोडला. कॅनमधून जो आवाज निघाला, तो ऐकून त्याची बायको कमलबाई दचकली.

"ह्यो आत्याबाईस्नी ऐकवू नगासा. न्यायलाच कुणीतरी आलंय म्हनत्याल."

बलभीम वैतागला. "आई, शेतातनं हाक मारतीस तर नळदुर्गच्या किल्ल्यात ऐकू जातंय. घरातच काय झालं?"

"अवो," कमलबाई उंबऱ्यातनं म्हणाली, "माईक कुणाच्या पुढ्यात ठिवलाय त्ये बघा की."

बलभीमनं वर पाहिलं. आबा. मिशांसकट. सासऱ्यापुढं आईनं हयातीत आवाज चढवला नव्हता. आबा गेले, धाक तेवढा खिळ्याला टांगलेला राहिला.

तो फोटो उतरवू लागला.

"काढू नगं! नुस्तं तोंड भिताडाकडं कर. वन्संचं उत्तर येईस्तवर."

खेप चौथी.

काटा ताडकन उठला.

"वन्सं! दुष्काळात तुमी कडब्यात लपवून जवारी धाडली, म्हनून माझी लेकरं जगली! मामंजी लेकीच्या घरचं पानीबी पीत नव्हते. म्या त्यास्नी रेशनची म्हनून खोटंच वाढलं. लई उपकार, वन्सं! लई उपकार!"

शेजारीण धावत आली, "काय झालं वो?" कमलबाईनं तिला दारातनंच परतवलं. बलभीम मात्र बटण बंद करायचं विसरला. ती भाकरी त्यानंही खाल्ली होती.

उलटी बाजू.

बलभीम एसटीनं उमरग्याला गेला, आत्याच्या कानाशी टेप धरला आणि कॅसेट उलटून तिचं उत्तर घेऊन आला. हसू दाबून त्यानं ते आईसमोर लावलं. बहिऱ्या माणसाला माईक लागत नाही. स्पीकर थरथरला.

"वैनी! जीव थंड झाला बगा! पन आवो, आबास्नी समदं ठावं हुतं! रेशनची मिलो जवारी लालभडक, आपली जवारी पांढरीफेक. त्यास्नी कळंना व्हय? बाजाराला आले की उंबऱ्याभायेर हुभं ऱ्हाऊन म्हनायचे, सरू, जवारी ब्येस हाय, पन खडे लई! पानी न्हाय प्याले हां!"

खट्.

मथुराबाई उठली. पदर सारखा केला. फोटो सुलटा केला. बलभीमनं हळूच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"मामंजी!" काटा शेवटाला जाऊन धडकला. "ठावं हुतं, तर खडे तरी निवडू लागायचं की!"

कमलबाई फुटलीच. मथुराबाईही पदराआड हसली. मग जुन्या सवयीनं मान खाली घालून पुटपुटली, "पन जेवलासा. लई उपकार झाले."

तेवढं काही टेपवर आलं नाही. बलभीमनं पाचवी खेप मागितली नाही.