डाळ शिजवून घर बघणारे सदाशिवजी

सदाशिवजी भाड्याचं घर बघायला निघाले की पिशवीत मूठभर तुरीची डाळ, पितळेचा गंज म्हणजे लहानसं पातेलं आणि स्टोव्ह घेऊन निघत. घरमालक हौसेनं खोल्या दाखवू लागला की हे मध्येच विचारत, "विहीर कोठी हाय?" मग तिथलं पाणी काढायचं, ओसरीत स्टोव्ह पेटवायचा आणि डाळ शिजत घालून समोर मांडी घालून बसायचं. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक असतं. पण त्यासाठी परक्याच्या ओसरीत चूल मांडणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला.

"भिंती कोणीबी बांधते गा," ते मला समजावत. "पाणी पाहा लागते."

आम्ही एकाच कचेरीत होतो आणि सरकारी क्वार्टरही शेजारी-शेजारी. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तशी आमची कचेरीही गेली. मला नागपुरातच दुसऱ्या खात्यात ढकललं. सदाशिवजींनी सरळ पेन्शन घेतली. आता दिवाळीच्या आत क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. घरात माणसं दोनच, ते आणि यमुनाकाकू. मूलबाळ नाही. काकू वयानं त्यांच्याहून बऱ्याच धाकट्या.

हे मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. माग वडिलांच्या वेळीच बंद पडला, पण त्या मागाचा इकडून तिकडे धावणारा धोटा यांच्या अंगात शिरून बसला असावा. एका जागी म्हणून ठरत नसत. जेवता जेवता उठून दारात जाऊन येत, बोलता बोलता चपला घालत. आणि वर दुसऱ्याला विचारत, "घाई काहून करून राहिला गा?"

दर रविवारी ते मला सोबत नेत. माझं नुकतंच लग्न झालं होतं, रविवार मला प्यारा होता, पण हे सकाळीच माझ्या सायकलची घंटी वाजवत उभे. नाही म्हणायची सोय नव्हती.

इतवारी पेठेत कापडाच्या दुकानावरची जागा पाहिली. खाली हातगाडीवाल्यांची आरडाओरड, वर ओळीनं पाच बिऱ्हाडं. डाळ अशी शिजली की पळी लावताच लोणी झाली. मी मनात म्हटलं, सुटलो! सदाशिवजींनी मात्र स्टोव्ह विझवला, तासभर आपल्यासमोरून ये-जा करणाऱ्या बिऱ्हाडकरूंकडे एकदा पाहिलं आणि गंज फडक्यात बांधला.

"नाही जमत. जागा मोठी धावपळीची हाय."

हे कोण बोलतंय, तर सदाशिवजी!

पुढच्या रविवारी कामठी. अंगणात कडुनिंब, दोन हवेशीर खोल्या, आजूबाजूला सगळ्यांची दारं बंद, कुत्रंही भुंकत नव्हतं. तिथंही डाळ शिजली.

"नाही जमत. जागा मोठी शांत हाय."

माझं डोकं फिरलं. "मग उमरेडलेच जा ना! गाव तुमचं, माणसं तुमची."

"तेथ भाऊबंद हायेत," ते म्हणाले, आणि एवढं कारण पुरेसं आहे अशा थाटात सायकलवर बसले.

दसरा झाला. क्वार्टर ज्याला मिळणार होतं तो गृहस्थ येऊन खोल्या मोजून गेला. काकूंनी भांडी पोत्यात भरली होती. रोज एक लागायचं म्हणून काढायच्या, पुन्हा भरायच्या. मला म्हणाल्या, "तुमीच समजवा न बाप्पा यायले. रस्त्यावर बसवते का आता मले?" सदाशिवजी तेवढ्यात चपला घालून बाहेर पडले होते.

शेवटची जागा कन्हानची. पॅसेंजरनं गेलो. बोळातली बुटकी खोली, कौलं सरकलेली. आणि विहिरीचं पाणी असं की डाळ तास उलटला तरी खड्यांसारखी टणटण. मला तर ही शेवटचीही गेली म्हणून घाम फुटला. इतक्यात शेजारच्या दारातून एक ठसठशीत बाई पदर खोचत आली.

"काय करून राहिले जी? त्या पाण्यात जनम गेला तरी शिजन का डाळ?" असं म्हणत तिनं पदरानं धरून गंज उचलला तो थेट आपल्या घरात नेला. आतूनच विचारणा सुरू. कोण, कुठले, घरात किती माणसं? "मंग बाईले काहून नाही आणलं?" थोड्या वेळानं नदीच्या पाण्यात शिजवलेलं वरण, भात आणि ठेचा आमच्यासमोर आला. मागोमाग समोरच्या घरातली म्हातारी लोणचं घेऊन आली.

सदाशिवजी पोटभर जेवले. मध्ये एकदाही उठले नाहीत. हात धुतले आणि घरमालकाला म्हणाले, "घेतली जागा."

स्टेशनवर मी भडकलोच. "डाळ शिजली नाही! मग इतके रविवार माझा जीव काहून घेतला?"

ते बाकावर बसून होते. म्हणाले, "डाळ शिजाले तास लागते गा. तेवढ्यात शेजार समजते. इतवारीत पाच बिऱ्हाडं येऊन-जाऊन राहिली होती, कोणी विचारलं का, कोण गा तुमी म्हणून? कामठीत तं कोणी दारच उघडलं नाही. मी काही लय दिवसांचा नाही. माह्या मांगं ती एकटी राहीन. जेवली का म्हणून तिले कोणी विचारलं पायजे ना?"

गाडीत मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

ते कन्हानला गेले. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्यात काकूंना ताप आला. आठवडाभरात त्या गेल्या. ठरल्याच्या नेमकं उलटं झालं.

मी भेटायला गेलो तेव्हा सदाशिवजी खोलीत येरझारा घालत होते. बसत, उठत, दारापर्यंत जाऊन परत येत. शेजारच्या बाईनं हाक मारली, "भाऊजी, ताट वाढलं, या!" समोरची म्हातारी त्यांचा सदरा धुऊन, घडी करून ठेवून गेली. बोळातली दोन माणसं ओट्यावर येऊन बसली.

सदाशिवजींनी माझा हात धरला. "हे सारे लोक मी तिच्यासाठी पाहून ठेवले होते गा," ते म्हणाले. "आता मीच वापरून राहिलो."