रंजिताचा पिवळा मांडव

आधी एखादी खरी अडचण हेरायची, तिच्यावर काहीतरी साधन तयार करायचं, ते लोकांत चालवून बघायचं आणि उपयोग झाला का ते तपासायचं, अशी रंजिताच्या पीएचडीची पद्धत. अडचण शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. करावे गावातल्या तिच्याच बिल्डिंगीत पुतळाकाकूंनी गच्चीवर सुकटीसाठी जवळा वाळत घातला, त्याचा वास दुर्गाबाईंच्या नव्या चादरींना लागला आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद! त्यांच्यापायी अख्ख्या बिल्डिंगीत दोन पार्ट्या पडल्या.

रंजितानं सूचनापेटी लावली. तिच्यात चॉकलेटचे कागद निघाले. व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात शेवटी ती एकटीच उरली. तिच्या गाईड उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "रविवारी मी स्वतः येते. साधन चाललं नाही, तर विषय बदल."

म्हणजे सगळी मेहनत खाडीत! रंजितानं रविवारी बिल्डिंगीच्या दारातच गप्पांचा कट्टा करायचं ठरवलं. सावलीचं काम वडिलांनी, धनेशरावांनी अंगावर घेतलं. ते पडले हौशी. त्यांच्या मांडववाल्याकडे पिवळंच कापड शिल्लक होतं. वर झालरी आणि लायटिंग त्यानं प्रेमानं लावून दिली.

आता आगरी गाव, घरात लग्नाची पोरगी आणि दारात पिवळा मांडव! कोणाला काय सांगायला हवं?

"रंजूची हलद!" पुतळाकाकूंनी तिरमिरीत दुर्गाबाईंचंच दार वाजवलं. "तुला सांगतलं का गो?"

"नाय! तुला?"

"मलापन नाय!"

अपमान दोघींचा सारखाच, त्यामुळे गट्टी लगेच जमली. शिवाय हळदीच्या दिवशी रुसून घरी कोण बसतं? दोघींनी मिळून हळद कालवली, गाणी धरली. कोणीतरी बँजो पार्टीही बोलावली.

"काकू, अहो हा माझा प्रयोग आहे!" रंजिता कळवळून म्हणाली.

"लाजतंय बघ पोर!"

एवढ्यात रिक्षातून उत्कर्षा मॅडम उतरल्या.

"नवऱ्याकडची आली वाटतं!" म्हणत दुर्गाबाईंनी त्यांचे दोन्ही गाल माखले आणि ओढत नाचायला नेलं.

बऱ्याच वेळानं मॅडम धापा टाकत खुर्चीत बसल्या. रंजिता रडकुंडीला आली होती. "सॉरी मॅडम, सगळा घोळ झाला."

"घोळ कसला? या दोघी बोलत नव्हत्या ना? बघ की!" पुतळाकाकू तेव्हा दुर्गाबाईंच्या तोंडात पेढा कोंबत होत्या. "साधन चाललं! फक्त एकदा जमलं म्हणून पुरावा होत नाही. पुन्हा करून दाखवावं लागेल."

"करू की!" पुतळाकाकू पदर खोचत म्हणाल्या. "नवऱ्याचं आमी बघतो, मॅडम. तुमी फक्त तारीख सांगा."