स्टेपनी गेली कुठे?

"बाबा, आपल्या गाडीला स्टेपनी आहे का हो?"

प्रश्न भिंगरीचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावून तिच्या गळ्यात मारला होता. दुपारी बास्केटबॉलचा सामना दुसऱ्या गावात, आणि "आमच्या गाडीने जाऊ!" असं तिने छातीठोकपणे जाहीर केलेलं. त्यावर कॅप्टन म्हणाली होती, "तो डबा? पंक्चर झाला तर काय, खांद्यावर घेऊन पळायचं?"

बाबा तेव्हा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. दर रविवारी ते गाडी अशी तपासत, जणू दुपारी तिची बोर्डाची परीक्षा आहे. ऑइलची पट्टी पुसायची, बुडवायची, उजेडात धरायची. मग पाणी, मग चाकांतली हवा. शेवटी आई ब्रेक दाबणार आणि मागचा दिवा पेटला की भिंगरी ओरडणार. चालायला लागल्यापासून हे काम तिचंच.

"आहे का म्हणजे?" बाबा दुखावले. "असणारच!"

"मग दाखवा."

"डिकी भरलीये गं..."

तिने डिकी उपसायलाच घेतली. फुटकी बादली, चटई, तिचाच एक इवलासा बूट. आई बूट हातात घेऊन विरघळली. "अगंबाई! याच्या जोडीदारासाठी आपण अख्खी बाग पालथी घातली होती!" बाबांनी चटई झटकली, वाळू सांडली आणि त्यांना समुद्र आठवला.

"आठवणी नंतर काढा, आधी स्टेपनी काढा!"

तळाचं झाकण उचललं. खाली गोल खड्डा, आणि त्यात जॅक एकटाच झोपलेला.

"चोरी!" बाबा गरजले.

"चोर घरातलाच आहे," म्हणत आईने अंगणातल्या झाडाकडे बोट दाखवलं. फांदीला दोरखंडाने टांगलेला टायर. भिंगरीचा लहानपणीचा झोका.

बाबांचा आवाज उतरला. "तू एवढीशी होतीस. झोका हवा म्हणून भोकाड पसरलंस. म्हटलं, संध्याकाळपर्यंत बांधू, मग काढून ठेवू."

"मग?"

"ती संध्याकाळ काही झालीच नाही."

"आणि टायरच्या आतली लोखंडी डिस्क?"

आता आई आभाळ न्याहाळू लागली. डिस्क तिच्या कुंडीखाली होती.

बाबा शिडी घेऊन धावले. "आत्ता उतरवतो, आत्ता बसवतो!"

"अहो, त्याला खालून भोकं पाडलीत ना तुम्ही? पाणी साचून पोरीचा फ्रॉक भिजतो म्हणून?"

बाबा अर्ध्या शिडीवर थबकले. अख्ख्या गल्लीला गाडीच्या हवा-पाण्यावर व्याख्यानं देणारा माणूस, इतकी वर्षं स्टेपनीवाचून हिंडत होता! ते हळूच म्हणाले, "मैत्रिणी हसतील ना गं तुला?"

भिंगरी टायरमध्ये जाऊन बसली. पूर्वी यात ती आणि तिची बाहुली दोघी मावत. बाबा खाली उतरले आणि सवयीने त्यांनी पाठीला हलकासा धक्का दिला. फांदी कुरकुरली. झोका गेला, आला. भिंगरी मात्र टायरमध्ये पुरती रुतली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कॅप्टन!

"स्टेपनी झाडावर आहे," भिंगरी झुलत झुलत म्हणाली, "आणि मी स्टेपनीत. हस पोटभर, मग फोन करते."

फोन ठेवून तिने दोघांकडे पाहिलं.

"ऐका, मी ठरवलंय. आज आम्ही बसने जाणार. नवी स्टेपनी आल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही, आणि पुढच्या रविवारपासून तपासणी मी करणार. या टायरला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे आत्ता लावा, दोघांनी मिळून ओढा मला, बस चुकेल!"