वानखेडे सरांचे पुठ्ठे

पुठ्ठ्याला बोट लावण्याआधी वानखेडे सर विद्यार्थ्यांना हात धुवायला लावत. मिठाईच्या डब्याचा साधा पुठ्ठा, त्यावर पट्टीने आखलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक अक्षर. "सवय लावा," ते म्हणत. "मशीन नाजूक असते."

बाळांनो, तुमची बोटं चालायला लागण्याआधीच स्क्रीनवर फिरली, म्हणून नीट सांगते. जबलपूरच्या आमच्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, सर चित्रकला. त्या वर्षी हुकूम आला: कॉम्प्युटरची परीक्षा दिल्याशिवाय भावी शिक्षकांना प्रमाणपत्र नाही. चार कॉम्प्युटर आले आणि लगेच कुलपात गेले. चित्रकलेचे तास कमी झालेलेच होते, म्हणून कॉम्प्युटर शिकवायचं काम सरांच्या गळ्यात पडलं.

सर रोज किल्ली मागत. प्राचार्य रोज विचारत, "बिगड़ गया तो जवाब कौन देगा, वानखेडेजी?"

ऑफिसातले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "कंप्यूटर क्या है सर, टाइपराइटर के ऊपर टीवी।" सरांनी बाबूंच्या टाइपरायटरवरून अक्षरं उतरवून घेतली. विद्यार्थी चाळीस, पुठ्ठे चाळीस. मार्चपर्यंत सगळे डोळे मिटून पुठ्ठ्यावर अख्खा परिच्छेद बडवत. सर कान देऊन ऐकत. "घाई काहून करून राहिली? चुकलं तिथं." कशावरून, हे विचारायची सोय नव्हती.

बाबूंचा टाइपरायटर हिंदी होता. मला ते दिसत होतं. हिंदी मुलखात हिंदीच मशीन आलं असेल, असं धरून मी गप्प बसले. तो दोष माझा.

परीक्षेच्या दिवशी खोली उघडली. शहपुऱ्याची सुनीता पहिली बसली. तिने खाली पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सगळी अक्षरं इंग्रजी. चाळीसही जण एकही शब्द टाइप न करता तसेच उठले. बाहेरून आलेल्या परीक्षकांना गाडी गाठायची होती. "चलो, सबको पास लिख दीजिए," ते म्हणाले. सरांनी चाळीस सह्या केल्या.

"मॅडम, मी खोटं लिहून दिलं," एवढंच ते मला म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. वहिनी गेल्यापासून मदन महल भागातल्या घरात एकटेच होते. रोज सायकलने माझ्याकडे येत आणि माझ्या इंग्रजी टाइपरायटरवरून अक्षरं उतरवत. नवे चाळीस पुठ्ठे झाले. प्रत्येकाखाली लिहिलं: "आधीचा चुकीचा होता. चूक माझी." सगळे टपालाने गेले.

उत्तर एकच आलं, सुनीताचं. ती शिकवते त्या शहपुऱ्याच्या शाळेत वीज नाही, पण पुठ्ठा भिंतीवर लावलाय, आणि पोरांनी इंग्रजी मुळाक्षरं आपली आपणच पाठ केली आहेत: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी.

दुसऱ्या दिवशी सर ए, बी, सी, डी काढलेला मोठा पुठ्ठा घेऊन शहपुऱ्याच्या बसमध्ये बसले. मग दर शनिवारी जाऊ लागले.

दिवाळीच्या सुमाराला मी विचारलं, "अजून दुरुस्त झाली नाहीत का अक्षरं?"

"ती केव्हाच झाली, मॅडम," सर चपला घालत म्हणाले. "पण तिथले पोट्टे माझी वाट पाहून राहतात."