हवालदाराचं नाक

गुलाबदादा त्यांच्या कुत्र्याला माझ्याकडे आणत ते फक्त नाक दाखवायला. कुत्रा लंगडायचा, कानात गोचिडं, पाठीवर खरूज. त्याची दादांना फिकीर नसे. "नाक तेवढं पाहा, डॉक्टरसाहेब," एवढंच म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो. धाड गावच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचो. पण डॉक्टर म्हटलेलं कोणाला आवडत नाही? मी गंभीर चेहरा करून नाकाला बोट लावायचो आणि "ओलं आहे, उत्तम आहे" म्हणून मोकळा व्हायचो.

कुत्र्याचं नाव हवालदार. "हवालदार, उतर खाली" असं दादा भर बाजारात ओरडले की खराखुरा हवालदार चहाचा कप ठेवून वळून बघायचा.

दादा मूळचे सोनाळ्याचे. जन्मभर एका कापसाच्या जिनवाल्याचा ट्रक चालवला. म्हातारपणी मालकानं तोच खटारा त्यांना देऊन टाकला. दादांनी त्यावर पत्र्याचं छप्पर घातलं, आत बाज टाकली, चूल मांडली, बायकोच्या, पार्बताकाकूंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले आणि काकूंना व हवालदाराला घेऊन निघाले ते निघालेच. जिल्ह्यातला एकही आठवडी बाजार सोडत नसत. शेगावला गेले तरी आधी स्टेशन, मग बाजार आणि वेळ उरला तर महाराजांचं दर्शन. जरा टेका म्हटलं की उत्तर ठरलेलं, "थांबून कसं जमन?"

बाजारात तर नुसता तमाशा. पुढे दोरी धरलेले दादा, मध्ये हवालदार, मागे डोक्यावरचा पदर घट्ट धरून काकू. धान्याच्या ओळीपासून बांगड्यांच्या ओळीपर्यंत संथ फेरी, आणि मेथीची जुडीसुद्धा घ्यायची नाही. मी दवाखान्यात या वरातीची नक्कल करून दाखवायचो. लोक पोट धरून हसत. म्हातारचळ, दुसरं काय, असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी मी मिरच्या घेत उभा होतो. हवालदारानं एका बांगडीवाल्या पोराकडे बघून शेपूट हलवली, कुंईकुंई केलं. काकू धावल्या. ज्या बाईचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता, तिनं परक्या पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. पोरगा कावराबावरा झाला. तेवढ्यात हवालदारानं शेजारच्या दोरखंडवाल्याकडे बघून शेपूट हलवली. मग माझ्याकडे बघून. मग पोलिसातल्या हवालदाराकडे बघून. काकू तिथेच मातीत बसल्या.

त्या दिवशी दादांनी मला सांगितलं. वसंता, एकुलता एक मुलगा. सोळाव्या वर्षी मालकाचा ट्रक न विचारता नेला आणि नाल्यात घातला. दादा म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नको. पोरानं ऐकलं. त्याला आठ वर्षं झाली होती. हवालदार त्याचा, नाव त्यानंच ठेवलेलं.

"आता दाढीमिशी आली असन," दादा म्हणाले. "मले काय वळखू येईन? अन् त्यानं आमाले पाह्यलं तर तोंड फिरवून निंघून जाईन. पण कुत्र्याले वास राह्यते. अन् हवालदारापासून तो नाही पयणार."

मग त्यांनी नेहमीसारखंच नाक पाहायला सांगितलं, फक्त या वेळी माझ्याकडे न बघता. मी शेजारच्या दुकानातून हिंगाचा खडा आणला आणि कुत्र्याच्या नाकाशी धरला. एरवी कुत्रं चार हात लांब पळालं असतं. हवालदारानं हिंगालाही शेपूट हलवली.

"नाक गेलं, दादा."

"कवापासून?"

मला काय ठाऊक? दोन वर्षं मी न तपासता उत्तम म्हणत होतो. दादांनी हवालदाराची दोरी हाताला गुंडाळून घेतली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू स्वतःशीच पुटपुटल्या, "म्हंजे तो बाजूनं गेला असन, तरी समजलं नसन." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

पुढच्या बाजाराला ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण बाजाराच्या तोंडाशी ट्रक उभा होता. दादांनी बाज बाहेर काढून रस्त्याच्या कडेला टाकली होती आणि दोघं तिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तोंड करून बसली होती. दादांच्या डोक्यावर नेहमीची टोपी नव्हती. काकूंचा पदर खांद्यावर होता, भर बाजारात, बाप्यांसमोर. बायका थांबून बघत होत्या, कोणी तोंडाला पदर लावून हसत होतं. हवालदार बाजेखाली पडून येईल त्याला शेपूट हलवत होता.

ऊन मी म्हणत होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, काकू, पलीकडे निंबाखाली सावली आहे, बाज तिकडे घेऊ.

"तिथं अंधार पडते, भाऊ," काकू म्हणाल्या. "आता आमीच त्याले दिसाले पायजे."

मी दवाखान्यात परत गेलो. संध्याकाळी बाजार उठला, दुकानदारांनी पालं गुंडाळली, तरी ती दोघं तशीच बसलेली होती.