ठणठणीत सिस्टर

साथीच्या दुसऱ्या महिन्यात रुग्णालय प्रशासनाच्या असे निदर्शनास आले, की परिचारिका आजारी पडतात. बाब गंभीर असल्याने समिती नेमण्यात आली. समितीने तीन बैठका घेतल्या, भिजवलेले बदाम खाल्ले आणि दोष साथीचा नसून परिचारिकांच्या सवयींचा आहे, असा एकमुखी निष्कर्ष काढला. लगोलग प्रत्येकीच्या हाती 'निरोगी दिनचर्या तक्ता' पडला: पाणी आठ ग्लास, झोप आठ तास, चालणे तीस मिनिटे, मनमोकळे हसणे दहा मिनिटे; एकूण गुण शंभर.

मोठ्या सिस्टर वॉर्डात सगळ्यांत जुन्या. बावीस वर्षं रुग्णांच्या तक्त्यात खरं तेच लिहिलेलं, त्यामुळे इथेही त्यांनी खरंच लिहिलं. पाणी एक ग्लास. संसर्ग टाळणारा पीपीई किट एकदा अंगावर चढवला की आठ तास उतरवता येत नाही, मग लघवीला जायचं कुठे? म्हणून पाणी प्यायचंच नाही, हा वॉर्डाचा रिवाज. झोप चार तास. चालणे, खाटांच्या रांगांमधून, अकरा किलोमीटर. हसणे निरंक. तक्त्याला त्यांनी एक दिवसाच्या रजेचा अर्ज जोडला. सात वर्षांची लेक त्यांच्या बहिणीकडे होती आणि सत्तेचाळीस दिवसांत त्यांनी तिला जवळ घेतलं नव्हतं.

अर्ज परत आला. 'अर्जदार स्वतःच्या प्रकृतीबाबत बेफिकीर असून त्या रजेचा सदुपयोग करतील अशी खात्री वाटत नाही.' शिवाय 'पाणी कसे प्यावे' या विषयावर दोन तासांचा वर्ग. तोही किट घालून.

"ताई, खऱ्याची दुनिया राहिलीय का?" धाकटी सिस्टर म्हणाली. "आजपासून तुमची झोप मी लिहिते, तुम्ही माझं पाणी लिहा."

मोठ्या सिस्टरांना ते जिवावर आलं, पण लेकीसाठी त्यांनी मन घट्ट केलं. आठवड्यात वॉर्डाची तब्येत अशी सुधारली, की बघत राहावं. धाकटी घेरी येऊन पडली, तेव्हा तिच्या तक्त्यात नववा ग्लास होता. तक्ता पाहून तिचं पाणी कमी करण्यात आलं.

शंभरपैकी शंभर गुण घेऊन मोठ्या सिस्टर अधीक्षक साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"वा! इतकी ठणठणीत तब्येत, मग रजा कशाला, सिस्टर? रजा थकलेल्यांसाठी असते."

"मग साहेब, थकलेल्यांना कधी देता?"

"त्यांचे गुण कमी असतात ना!"

साहेबांनी त्यांचा फोटो मात्र काढवून घेतला. मास्क खाली, ओठांवर हसू, हातात पाण्याचा भरलेला ग्लास. खाली मजकूर: 'आमच्या आदर्श सिस्टर. झोप आठ तास, हसणे दहा मिनिटे.' फोटो झाल्यावर ग्लास परत घेण्यात आला, कारण किट चढवायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, मावशीच्या मोबाईलवर तुझा फोटो आलाय. तू मस्त झोपतेस, हसतेस पण. मग मला भेटायला का येत नाहीस?"

 खोटं लिहायला मोठ्या सिस्टर शिकल्या होत्या, लेकीशी खोटं बोलायला अजून नाही. हुंदका आवरेना, तेव्हा त्यांनी फोन बंद केला.

फोटो मावशीपर्यंत कसा पोचला, याची चौकशी झाली नाही. तशी गरजही नव्हती. तुम्हाला आठवत असेल. खाली जोडलेल्या दोन हातांचं चिन्ह टाकून तुम्हीच तर तो सगळ्यांना पुढे पाठवला होतात.